नवऱ्याकडं परवान्याची बंदूक असली तर काय करायचं

बीडकडं कमरेला पिस्तूल लावून लग्नात मिरवायची हौस लई, पण तेच पिस्तूल रात्री बायकोसमोर काढून ठेवतात तेव्हाचं सांगते. ताई, २००५ च्या कौटुंबिक हिंसाचार कायद्याखाली कलम १२ चा (कोर्टाकडं संरक्षण मागायचा) अर्ज करताना हत्याराचं वेगळं लिहायचं, कोणतं, कुठं ठेवतो, कधी रोखलं, नुसतं 'धमकी देतो' एवढ्यानं भागत नाही. कोर्टानं लेखी सांगितलं तर संरक्षण अधिकारी (या कायद्याखाली सरकारनं नेमलेले) पोलिसांना घेऊन ते हत्यार जप्त करू शकतात, म्हणून आदेशात ती ओळ टाकायला वकिलाच्या मागंच लागा. पण त्यानं परवाना आपोआप जात नाही बरं का, त्यासाठी आदेशाची कॉपी (कोर्ट फुकट देतं) लावून कलेक्टर ऑफिसात शस्त्र कायद्याच्या कलम १७ खाली परवाना रद्द करा म्हणून अर्ज द्यायचा, अन् आवक शिक्का मारलेली पोच घेतल्याशिवाय तिथून हलायचं नाही. परवाना गेला की बंदूक ठाण्यात नाहीतर परवानाधारक डीलरकडं जमा करावी लागते, भावाकडं ठेवली म्हणून चालत नाही. नवऱ्यानं संरक्षण आदेश (त्रास देऊ नको असा कोर्टाचा हुकूम) मोडला तर १ वर्षापर्यंत कैद, २० हजारापर्यंत दंड, किंवा दोन्ही. गावठी कट्टा असला तर परवान्याचा विषयच नाही, सरळ ११२ लावा, अन् स्वतः तो लपवायला जाऊ नका.