कोनचा मधला भाग आणि कड: कागदी स्पीकर घरी जोडताना

माळ्यावर अनेक वर्षे पडून राहिलेल्या आठ इंची स्पीकरला कसर लागून त्याच्या कागदी कोनला, म्हणजे थरथरून आवाज काढणाऱ्या शंकूच्या आकाराच्या पडद्याला, सुमारे चार सेंटिमीटरची चीर पडली होती. ती चीर मी जोडली तेव्हा सांधा इतका नीट बसला की बोट फिरवूनही तो जाणवत नव्हता. आठ दिवसांनी त्याच सांध्याला लागून नवी चीर पडली आणि ती पहिलीपेक्षा लांब होती. ती चूक मला अजून सलते, म्हणून तिच्याविषयी सविस्तर लिहिते.

कोनच्या मागे मध्यभागी जोडलेली, चुंबकाच्या फटीत आतबाहेर होणारी तारेची गुंडाळी म्हणजे कॉइल. गोंदाची बाटली उघडण्यापूर्वी दोन्ही हातांची बोटे कोनवर समोरासमोर, मध्यापासून सारख्या अंतरावर टेकवा आणि कोन हलकेच आत दाबून सोडा. खरखर ऐकू आली तर कॉइल घासते आहे. अशा वेळी कागद जोडून काहीही साधणार नाही, तो स्पीकर रिकोनिंग करणाऱ्याकडेच, म्हणजे नवा कोन आणि कॉइल बसवून देणाऱ्याकडेच न्यावा. कोन निःशब्द हलत असेल तर मात्र चीर कितीही भयंकर दिसली तरी घाबरू नका. कागद हा फार क्षमाशील पदार्थ आहे.

आता माझी चूक. कोन एकाच कागदाचा दिसत असला तरी त्याच्या मधल्या भागाचे काम वेगळे आणि कडेच्या लाटांसारख्या घड्यांचे काम वेगळे. मधल्या भागाने न वाकता हवा ढकलायची असते, म्हणून तो ताठ हवा. कडेने मात्र प्रत्येक कंपनाला वाकायचे असते. पन्नास हर्ट्झचा, म्हणजे सेकंदाला पन्नास कंपनांचा सूर दहा मिनिटे वाजला, तर ती कड तीस हजार वेळा आतबाहेर होते. माझी चीर मधल्या भागात सुरू होऊन कडेच्या दोन घड्यांपर्यंत गेली होती आणि मी ती सबंध पांढऱ्या फेविकॉलने जोडली. मधल्या भागात तो गोंद उत्तम ठरला. घड्यांवर मात्र तो वाळून कडक झाला आणि तेवढा तुकडा वाकायचा थांबला. कड वाकायची थांबत नाही, ती फक्त दुसरीकडे वाकते. त्यामुळे सगळा ताण जिथे कडक भाग संपून मऊ कागद सुरू होतो त्या एका रेषेवर आला आणि कागद तिथेच फाटला. शिवाय एका बाजूची कड अशी आखडली की कोन सरळ न हलता किंचित डोलू लागतो, आणि कॉइल व चुंबक यांच्यातली फट मिलिमीटरच्या अंशाएवढीच असल्यामुळे धडधाकट कॉइलसुद्धा घासू लागते. म्हणून पुन्हा सांगते: घड्यांवर कडक होणारा गोंद नको, थेंबभरही नको, चीर तिथे अर्धा सेंटिमीटरच गेली असली तरी नको.

घड्यांसाठी वाळल्यावर रबरासारखा वाकणारा, कापडावर वापरायचा गोंद घ्यावा, पण बाटलीवरच्या मजकुरावर विसंबू नये. त्याचा पातळ थर प्लॅस्टिकच्या तुकड्यावर पसरून रात्रभर ठेवावा, सकाळी तो सोलून दुमडून पाहावा. दुमडल्यावर पांढरी रेघ उमटली किंवा तडा गेला तर तो गोंद कडेसाठी बाद समजावा.

ठिगळासाठी मला चहाच्या पिशवीचा कागद सर्वांत आवडतो, कारण तो पातळ असूनही त्याचे तंतू लांब असतात आणि ओला झाल्यावर त्याचा लगदा होत नाही. पिशवी रिकामी करून, धुऊन वाळवावी आणि कागद कात्रीने न कापता हाताने फाडावा, म्हणजे त्याच्या विरळ कडा कोनच्या कागदात मिसळून जातात. ठिगळ मागच्या बाजूने लावावे. मधल्या भागासाठी फेविकॉलमध्ये फार तर तितकेच पाणी घालावे. त्याहून पातळ केल्यास कोन भिजून फुगतो आणि वाळताना वेडावाकडा होतो. ठिगळ एकच आणि एकपदरी असावे, कारण वाढलेले वजन आवाजातून कळते. कॉइलकडे जाणाऱ्या विणलेल्या तारांना गोंद लागू देऊ नये.

झटपट चिकटणाऱ्या गोंदाचा आणि नेलपॉलिशचा सल्ला अनेक जण देतात. मला तो मुळीच मान्य नाही. झटपट गोंद कागदात झिरपून त्याला ठिसूळ करतो आणि मग ती चूक उलटवता येत नाही, हे मला त्याहून वाईट वाटते. शिकवणाऱ्यांबद्दलही माझे मत ठाम आहे: जो कारागीर आपल्या हातातून ब्रश काढून घेऊन काम पुरे करतो, त्याच्याकडे स्पीकर दुरुस्त होतो, माणूस शिकत नाही. पुण्यातल्या तपकीर गल्लीत मला भेटलेल्या एका वयस्कर कारागिराने माझ्या स्पीकरला हातही लावला नाही. त्याने फक्त एक घासणारा आणि एक निरोगी असे दोन कोन मला आळीपाळीने दाबायला लावले. तो फरक माझ्या बोटांना आजही आठवतो. असा माणूस भेटला नाही तरी अडत नाही; भंगारातून दोन-तीन फाटके स्पीकर आणून त्यांवर हात बसवावा. चांगल्या स्पीकरवर पहिला प्रयोग मात्र करू नये.

सांधा चोवीस तास वाळू द्यावा, पावसाळ्यात दुप्पट, आणि हेअर ड्रायर वापरू नये. त्यानंतर फोनवरून तीस हर्ट्झपासून दोनशे हर्ट्झपर्यंतचा सूर बारीक आवाजात हळूहळू चढवत न्यावा. एखाद्याच सुरावर फर्रफर्र ऐकू आली तर बहुधा ठिगळाचा एखादा कोपरा सुटलेला असतो. तो पुन्हा चिकटवला की आवाज थांबतो. माझ्या स्पीकरची दुसरी चीर मी याच रीतीने जोडली, घड्यांवर लवचीक आणि मध्ये पांढरा असे दोन गोंद वापरून. त्या गोष्टीला आता चौथे वर्ष आहे आणि तो रोज सकाळी वाजतो.