शेजारचा बोका अंगावर यायलाय? आमच्या माळवदावर जे शिकले ते सगळं

आमचं घर परभणीच्या जुन्या भागात, माळवदाचं. शेजारच्या काकूंची अन आमची भिंत एकच, त्यामुळं त्यांचा भुऱ्या बोका पहाटे त्यांच्या माळवदावर आला की दोन मिनिटात आमच्या अंगणात. मागच्या उन्हाळ्यात आम्ही सगळे वर झोपायचो तेव्हा तो लेकीच्या अंथरुणापाशी येऊन गुरगुरायचा, आमच्या मांजरीला, चिंगीला, तर त्यानं तीनदा फाडलं, अन तिसऱ्या वेळी सोडवायला मी मधी हात घातला तर अंगठ्याच्या खाली असे दात रुतवले की वरून नुसते दोन ठिपके दिसायचे अन दुसऱ्या दिवशी सकाळी हात भाकरीगत फुगलेला. त्यानंतर चार-पाच महिने डॉक्टर, जनावरांचे डॉक्टर, काकू, घरचे सगळ्यांशी बोलून जे हाताला लागलं ते इथं लिहायले, ज्यांच्याकडं असंच चालूय त्यांच्या कामी यावं म्हणून.

चावलं असेल तर बाकीचं नंतर वाचा. आधी जखम साबण लावून वाहत्या पाण्याखाली १५ मिनिटं धुवायची, मोबाइलवर टाइम लावून धुवा, कारण १५ मिनिटं लई वेळ वाटतो अन माणूस दोन मिनिटात उरकतो. आमच्याकडं नळाला रोज पाणी नसतंच, मग टाकीतलं तांब्यानं ओतत राहायचं, पण पाणी वाहतं पाहिजे, बादलीत हात बुडवून बसायचं नाही. हळद, चुना, चटणी, तेल काहीच लावायचं नाही. सासूबाई हळदीचा डबा घेऊनच उभ्या होत्या, त्यांना म्हणलं आई थांबा, आधी दवाखाना. रेबीज म्हणलं की आपल्या डोक्यात फक्त कुत्रं येतं पण मांजराच्या चावण्यातूनही तो होतो, अन लक्षणं सुरू झाल्यावर जवळजवळ कुणीच वाचत नाही, म्हणून "घरचंच तर मांजर आहे" असं म्हणून बसायचं नाही, त्याच दिवशी सरकारी दवाखान्यात जायचं, तिथं ही लस फुकट मिळते. नख लागून नुसतं खरचटलं, रक्त आलं नाही तरी लस घ्यायची. दात रुतला किंवा रक्त आलं असेल तर लसीसोबत जखमेत अन जखमेच्या आजूबाजूला इम्युनोग्लोब्युलिनचं (रेबीजशी लढणाऱ्या तयार प्रतिपिंडांचं) इंजेक्शन लागतं, ते द्यायचंय का हे आपणच डॉक्टरांना विचारायचं. चामडीत देतात ती लस पहिल्या दिवशी (तो ० दिवस धरतात), मग ३, ७ अन २८ व्या दिवशी असते, दंडाच्या स्नायूत दिली तर ०, ३, ७, १४ अन २८. पोटातली १४ इंजेक्शनं आता कुणी देत नाही, गावाकडं अजून लोक त्याच भीतीनं दवाखान्यात जात नाहीत, त्यांना हे सांगाच. अन दोन डोस झाले, आता बरं वाटायलंय म्हणून पुढचे सोडायचे नाहीत, धनुर्वाताचंही त्याच वेळी विचारून घ्यायचं.

शेजारचं मांजर असण्याचा एक फायदा आहे, ते कुठं राहतं ते आपल्याला माहीत असतं. चावल्यापासून १० दिवस ते धडधाकट आहे का, खातंय का, अचानक वेगळं वागायलंय का हे रोज बघायचं, काकूंनाही तेवढे दिवस त्याला घरातच ठेवायला सांगायचं. पण हे बघणं लस सुरू करून करायचं, लस थांबवून नाही. १० दिवसांनी मांजर ठणठणीत असेल तर पुढच्या डोसचं डॉक्टर ठरवतील.

दुसरी गोष्ट जखम पिकण्याची. मांजराचा दात सुईसारखा बारीक अन लांब, त्यामुळं वरचं भोक लगेच मिटतं अन जंतू आत खोल राहतात, म्हणून मांजराचा चावा कुत्र्याच्या चाव्यापेक्षा जास्त पिकतो, विशेषतः हाताला अन बोटाच्या सांध्याला. माझा हात २४ तासाच्या आत सुजला होता. सूज, ठणका, ताप, वर दंडाकडं चढणारी लाल रेघ यातलं काहीही दिसलं तर थांबायचं नाही, अन घरात शुगरचा पेशंट, म्हातारं माणूस किंवा लहान लेकरू असेल त्याला तर काहीच दिसायची वाट न बघता न्यायचं.

आता बोका असं करतो कशामुळं. मी आधी समजायचे की हा जातीचाच खुनशी आहे. तसं नसतं. नसबंदी न झालेल्या बोक्याला आपली हद्द राखायची असते अन त्याच्या हिशोबात आमचं माळवद, आमचं अंगण, आमची चिंगी सगळं त्याच्याच हद्दीत येतं. भिंतीवर शेपूट उभी करून मागं धार मारतो, तो उग्र वास म्हणजे त्याचा सातबारा समजा. मांजरीण माजावर आली की हे सगळं दुप्पट होतं. मांजरीण अंगावर येत असेल तर मात्र आधी पिल्लं कुठं लपवलीत का बघा, माळवदाच्या कोपऱ्यात, कडब्यात, जुन्या संदुकीमागं, पिल्लं असली की ती कुणाच्याही अंगावर जाते अन दोन-अडीच महिन्यात आपोआप शांत होते, तेवढे दिवस त्या कोपऱ्याला जायचं नाही, एवढाच त्याला इलाज. अन एरवी गरीब असलेलं मांजर एकाएकी चावायला लागलं तर त्याला काहीतरी दुखतंय असं धरून डॉक्टरला दाखवायला सांगा.

अंगावर यायच्या आधी मांजर सांगतं, फक्त आपलं लक्ष नसतं. कान मागं चपटे, शेपूट जमिनीवर आपटायलंय, अंगावरचे केस उभे, डोळ्याची काळी बाहुली मोठी झालेली, घशातून हलका लांब आवाज. हे दिसलं की त्याच्या डोळ्यात बघायचं नाही, पाठ फिरवून पळायचं नाही, तोंड त्याच्याकडं ठेवून हळूहळू मागं सरायचं अन त्याला निघायला वाट मोकळी सोडायची. कोंडलेलं मांजर वाघासारखं उलटतं हे आपल्या आज्या सांगायच्या ते अगदी खरंय, खोलीत शिरला अन तुम्ही दार लावून झाडू घेतला की चावा ठरलेला. लेकरांना एवढं एकच पाठ करून घ्या, भुऱ्या दिसला की हात लावायचा नाही, ओरडायचं नाही, आत यायचं.

दोन मांजरं जुंपली असतील तर हात किंवा पाय मधी घालायचाच नाही, माझी चूक तीच होती. परात-पळी जोरात वाजवायची, तांब्याभर पाणी मारायचं, त्यानंही नाही झालं तर दोघांच्या मधी आडवं काहीतरी सरकवायचं, आमच्याकडं आता जिन्यापाशी जुनं सूप ठेवलेलंच असतं, एकमेकांना दिसणं बंद झालं की सुटतात. जाड गोधडी अंगावर टाकली तरी चालतं. सुटल्यावर आपल्या मांजराला लगेच उचलून कुरवाळायचं नाही, ते अजून तापलेलं असतं अन तो राग आपल्या हातावर निघतो, कधीकधी कित्येक तास. अंधाऱ्या शांत खोलीत पाणी ठेवून सोडून द्या. शांत झाल्यावर केस बाजूला करून अंग चाचपून बघा, मानेपाशी, पुढच्या पायाला, शेपटीच्या बुडाला बारीक भोकं असतात, दोन-चार दिवसात तिथं गळू धरतं, मांजर खायचं सोडतं, ताप येतो. तेव्हा जनावरांच्या डॉक्टरकडं न्यायचंच, घरची औषधं द्यायची नाहीत, अन माणसाची तापाची पॅरासिटामॉल तर मुळीच नाही, अर्ध्या गोळीनंही मांजर मरू शकतं.

आता त्याला येऊ न देण्याचं. सगळ्यात जास्त फरक आम्हाला पडला तो खाणं आत घेतल्यानं. चिंगीची दूध-भाकरीची वाटी अंगणात दिवसभर पडलेली असायची, खरकटं मोरीपाशी, भुऱ्या त्याच्यासाठीच उतरायचा. आता वाटी घरात, दोन वेळा, अर्ध्या तासानं उचलायची. मग वाटा बंद केल्या. आमच्या सोप्यातून स्वयंपाकघरात यायला एक झरोका, माळवदाचं दार अन मोरीच्या पाइपाशेजारचं भोक, एवढ्या तीनच वाटा निघाल्या, त्याही एक दिवस पहाटे उठून तो नेमका कुठून येतो ते बघितल्यावर कळल्या. झरोक्याला जाळी, भोकात वीट-सिमेंट, दाराच्या खालच्या फटीला लाकडी पट्टी. डोकं मावलं की मांजर मावतं, म्हणून चार बोटाची फटसुद्धा सोडायची नाही. कोंबड्या असतील तर खुराड्याला खालूनही जाळी मारा. सामाईक भिंतीवर आम्ही नायलॉनची जाळी ढिली बांधली, ढिली म्हणजे पाय ठेवला की हलते, मांजराला हलणाऱ्या जागेवर चढायला आवडत नाही. काही जण भिंतीवर काचा किंवा बाभळीच्या काट्या लावतात, ते करू नका, लेकरं अन पाखरंही त्याच भिंतीवर असतात.

वासाचे उपाय थोडे चालतात. मोसंबी-लिंबाची सालं, जालन्याची मोसंबी आली की आमच्याकडं सालांना तोटा नसतो, ती तो जिथं बसतो तिथं टाकायची, पण वाळली की वास जातो, दर दोन दिवसाला बदलावी लागतात. त्याच्या धारेची जागा साबणाच्या पाण्यानं धुऊन वरून व्हिनेगर-पाणी मारा, वास राहिला की तो तिथंच परत येतो. फिनेल, डांबरगोळ्या, मिरची पूड ह्याच्या नादी लागू नका, फिनेल पायाला लागतं, मांजर पाय चाटतं अन विषबाधा होते, आपलंही अन त्यांचंही.

हे सगळं करून तो यायचा कमी झाला पण थांबला नाही. थांबला तो नसबंदीनं, अन त्यासाठी काकूंशी बोलणं भाग होतं.

मी पहिल्यांदा गेले ती चावल्या दिवशीच, हाताला पट्टी, रागात, गल्लीतल्या दोघी-तिघी समोर. काकू म्हणाल्या आमचा भुऱ्या असा नाहीच, तुमच्याच मांजरीनं काढलं असंल काहीतरी. पंधरा दिवस बोलणं बंद. दुसऱ्यांदा गेले ती दुपारी, त्या एकट्या ज्वारी निवडत बसल्या होत्या तेव्हा, मीही सुपात हात घातला, अन आधी म्हणलं काकू, भुऱ्याच्या कानाला बी लागलंय, पिकलंय ते, बघितलं का तुम्ही? तिथून बोलणं सुरू झालं. त्याची तक्रार घेऊन जायच्याऐवजी त्याची काळजी घेऊन गेलं की समोरचं माणूस ऐकतं, अन ते खोटंही नव्हतं, भांडणाऱ्या बोक्यांना एकमेकांच्या चावण्यातून मांजरांचा एड्ससारखा आजार लागतो, माणसाला तो होत नाही पण मांजर त्यात खचत जातं. मग मोबाइलमधले दोन व्हिडिओ दाखवले, ग्रुपवर मात्र एकही टाकला नाही. अन शेवटी म्हणलं ऑपरेशनचा खर्च अर्धा आम्ही देतो, न्यायला-आणायला आमचे हे येतील. त्यांना खर्चाची अन "बोका बसून राहील, उंदीर धरणार नाही" ह्याची भीती होती, ती डॉक्टरांनीच काढली, उंदीर धरणं त्यानं जात नाही.

नसबंदी बोका पाच-सहा महिन्याचा झाल्यावर कधीही होते, मोठ्या बोक्याचीही होते. छोटं ऑपरेशन, भूल द्यावी लागते म्हणून आधी किती तास उपाशी ठेवायचं ते विचारून घ्या, अन रेबीजची लस झालेली नसेल तर तीही त्या निमित्तानं करून टाका, ती तिसऱ्या महिन्यापासून देतात अन दर वर्षी. आपल्याकडं तालुक्याच्या जनावरांच्या दवाखान्यात जास्त करून गाई-म्हशी-शेळ्या बघतात, तिथं मांजराचं ऑपरेशन होईलच असं नाही, पण परभणीत अन उदगीरला पशुवैद्यकीय महाविद्यालयं आहेत, तिथं चौकशी करा, नाहीतर शहरात कुत्र्या-मांजरांचे खाजगी डॉक्टर असतात. मांजर नेताना पोत्यात घालू नका, झाकणाच्या टोपलीत किंवा भोकं पाडलेल्या खोक्यात, खाली जुनं लुगडं. अन दुसऱ्याच दिवशी तो साधू होईल असं समजू नका, अंगातला जोर उतरायला कित्येक आठवडे लागतात, आमच्या भुऱ्याला दीड महिना लागला.

समोरचे ऐकतच नसतील तर तारखा, वेळ, फोटो, दवाखान्याचे कागद जमवून ठेवा. पाळलेल्या जनावरापासून माणसाला धोका असताना मालकानं हयगय केली तर भारतीय न्याय संहितेच्या कलम २९१ खाली गुन्हा होतो, ६ महिन्यापर्यंत कैद किंवा ५,००० रुपयापर्यंत दंड किंवा दोन्ही. हे ठाण्यात जायच्या आधी एखाद्या समजूतदार वडीलधाऱ्याला मधी घालून सांगितलं तर बऱ्याचदा तिथंच मिटतं.

अन पोत्यात घालून दुसऱ्या गावच्या शिवारात सोडून यायचं, हे आपल्याकडं सर्रास चालतं, आमच्याही घरात बोलणं झालं होतं. ते करू नका. पाळलेलं मांजर शिवारात उपाशी मरतं नाहीतर कुत्री फाडतात, काही तर मैलोन्‌मैल चालत परत येतात, अन जागा रिकामी झाली की दुसरा बोका महिन्याभरात तिथं येतोच. विष घालणं, मारणं, पाय मोडणं याला त्याच न्याय संहितेच्या कलम ३२५ खाली ५ वर्षापर्यंत शिक्षा आहे, शिवाय १९६० चा प्राण्यांना क्रूरतेनं वागवण्याविरुद्धचा कायदा आहेच. मांजर मारलं तर काशीला सोन्याचं मांजर वाहावं लागतं असं जुनी माणसं म्हणायची, ते उगाच म्हणत नव्हती.

आता भुऱ्या भिंतीवर येऊन बसतो, चिंगी खाली अंगणात, दोघं एकमेकांकडं बघतात अन नजर फिरवतात. जाळी अजून काढली नाही, वाटी अजून आतच असते, अन लेकीला त्याला हात लावू देत नाही. काकूंनी त्याच्या गळ्यात बारकं घुंगरू बांधलंय, ताण पडला की सुटणाऱ्या पट्ट्याचं, पहाटे ते वाजलं की मी उठून माळवदाचं दार लागलंय का बघून येते.