टेक्सासमध्ये नवीन सिटिझन झालात? मत वाया जाऊ नये म्हणून एवढं करा

ओथ सेरेमनी झाली, फोटो काढून झाले, की पहिलं काम व्होटर रजिस्ट्रेशन. टेक्सासमध्ये नवीन नाव नुसतं वेबसाइटवरून नोंदवता येत नाही, फॉर्म प्रिंट करून सही करून काउंटीला पोस्टाने पाठवावा किंवा नेऊन द्यावा लागतो आणि तोही इलेक्शनच्या 30 दिवस आधी, म्हणून शेवटच्या आठवड्यावर ढकलू नका. फॉर्मवर लायसन्सचा नंबर आणि सोशल सिक्युरिटीचे शेवटचे 4 आकडे दोन्ही लिहा, एकावर भागत असलं तरी.

का ते सांगते. 2021 च्या सिनेट बिल 1 या टेक्सासच्या निवडणूक कायद्यानंतर पोस्टाने मत देणाऱ्यांनी पाकिटावर लिहिलेला नंबर काउंटीच्या रेकॉर्डशी जुळावा लागतो. मार्च 2022 च्या प्रायमरीत, म्हणजे पक्षाचे उमेदवार ठरवणाऱ्या निवडणुकीत, पोस्टाने आलेली सुमारे 12 टक्के मतं बाद झाली, बहुतेक या नंबरापायीच. माझ्या आईचं पाकीटही तेव्हा परत आलं, नंबरची जागा होती फ्लॅपच्या खाली, तिला ती दिसलीच नाही, आणि बिचारी दोन दिवस विचारत होती की माझं काय चुकलं गं. घरात 65 च्या पुढचं कुणी पोस्टाने मत देत असेल तर फ्लॅप उचलून तुम्ही स्वतः बघा. मदत केलीत तर पाकिटावर तुमचंही नाव, पत्ता, सही लागते.

बूथवर लायसन्स, पासपोर्ट किंवा फोटो असलेलं सिटिझनशिप सर्टिफिकेट चालतं. 70 च्या आत असाल तर लायसन्स-पासपोर्ट मुदत संपून 4 वर्षं होईपर्यंत चालतं, 70 च्या पुढे कितीही जुनं. आपल्याकडे वडिलांचं किंवा नवऱ्याचं नाव मधे असतं, ते एकीकडे असतं, दुसरीकडे नसतं, तरी घाबरू नका, नावं मिळतीजुळती असली की एक छोटी सही घेऊन मत देऊ देतात.

आयडी मागण्याला माझी अजिबात ना नाही, गावाकडेही आपण कार्ड घेऊनच जातो. पण जुळवाजुळवीचा सगळा भार मतदारावर टाकणं मला पटत नाही. जानेवारी 2019 मध्ये राज्याने जवळपास 95 हजार मतदारांवर नॉन-सिटिझन असल्याचा संशय घेतला तो जुन्या लायसन्सच्या रेकॉर्डवरून, त्यातले कितीतरी लोक लायसन्स काढल्यानंतर रीतसर सिटिझन झालेले, एप्रिलमध्ये राज्याला ते मागे घ्यावं लागलं. म्हणून सिटिझन झाल्यावर लायसन्सचा रेकॉर्ड लगेच अपडेट करून घ्या. तरीही काउंटीचं पुरावा मागणारं पत्र आलंच तर ते कुपनांच्या गठ्ठ्यात जाऊ देऊ नका, उत्तराला 30 दिवस मिळतात, सर्टिफिकेटची कॉपी आजच काढून ठेवा.