कूस बदलताच येणारी चक्कर: माझा अनुभव
उजव्या कुशीला वळताच खोली गरगर फिरे आणि अर्ध्या मिनिटात थांबे. रक्तदाब, साखर, मानेचा एक्स-रे, कशातच दोष निघाला नाही. चार महिने गोळ्या घेऊन मी हताश झाले होते.

अखेर कान-नाक-घसा तज्ज्ञांनी डिक्स-हॉलपाइक चाचणी (डोके एका बाजूला वळवून झटकन उताणे निजवून चक्कर येते का, हे पाहणे) केली आणि उजव्या कानातील कॅल्शियमचे सूक्ष्म कण तोल सांभाळणाऱ्या अर्धवर्तुळाकार नलिकेत शिरल्याचे निदान झाले. त्यांनी लगेच एप्ली क्रिया, म्हणजे डोके ठरावीक क्रमाने फिरवून ते कण नलिकेबाहेर काढण्याची पद्धत, केली: बसलेली असताना मान उजवीकडे ४५ अंश वळवली, तशीच मला उताणे निजवून डोके पलंगाच्या कडेखाली किंचित झुकवले, मग मान डावीकडे ९० अंश फिरवली, नंतर डाव्या कुशीवर वळवून चेहरा जमिनीकडे केला आणि शेवटी सावकाश बसवले, प्रत्येक स्थितीत सुमारे ३० ते ६० सेकंद थांबायचे. डावा कान असता तर दिशा उलट असती, म्हणून बाजू तज्ज्ञांकडूनच ठरवून घ्यावी. आठवड्याने ही क्रिया पुन्हा केल्यावर चक्कर थांबली.