घर बघायला रविवारी जाऊ नका

बिल्डरची गाडी स्टेशनबाहेर उभी असते, साइटवर चहा-समोसे असतात आणि जाता-येता लोकलमध्ये खिडकी मिळते. रविवारी दुपारी बदलापूर काय, कर्जतसुद्धा जवळ वाटतं. आम्ही सुरुवातीची सहा घरं अशी रविवारीच पाहिली आणि त्यातलं एक जवळजवळ घेतलंच होतं. मग एका मंगळवारी अर्धी रजा टाकली आणि सकाळी साडेसातला त्या स्टेशनवरून भायखळ्याला, म्हणजे माझ्या ऑफिसला, जाऊन पाहिलं. तिसऱ्या गाडीत शिरता आलं. घर बाद.

त्या दिवसापासून मी एक वही केली. आता धाकटी बहीण मध्य रेल्वेवर घर शोधते आहे. तिच्यासाठी त्या वहीतलं इथे मांडते आहे, बाकी कुणाला उपयोग झाला तर चांगलंच.

वहीच्या पहिल्या पानावर घराचं काही नव्हतं, आमच्या जागा होत्या. माझं ऑफिस भायखळ्याला, नवऱ्याचं ऐरोलीत, मुलगी चौथीत, सासूबाईंचे गुडघे दुखरे. नवऱ्याला ठाण्याला उतरून ऐरोलीकडे जाणारी ट्रान्स-हार्बर लोकल धरायची, म्हणून त्याच्या दृष्टीने ठाण्यात फास्ट थांबली की झालं. मला मात्र फास्टमध्ये निदान नीट उभं राहायला जागा हवी. एकाच्या नोकरीवरून स्टेशन ठरवलं की दुसरा वीस वर्षं त्याची किंमत मोजतो, तेव्हा दोघांच्या वेळा शेजारी-शेजारी लिहा. घरातून निघण्यापासून टेबलाशी बसण्यापर्यंतचा वेळ धरा, फक्त गाडीतला नाही. एका बाजूला दीड तास आणि दोन तास यांत अर्ध्या तासाचा फरक दिसतो. महिन्याच्या २५ दिवसांत, दोन्ही वेळांचा मिळून, तो २५ तासांचा होतो. हप्त्यात वाचणारे पैसे या २५ तासांसमोर ठेवून मग ठरवा.

गाडी कुठून सुटते, हे यात सगळ्यात मोठं. मुंबईपासूनचं अंतर वाढतं तसा त्रास सारखा वाढत जात नाही. कल्याणला बसायला जागा मिळू शकते, कारण कल्याणहून सुटणाऱ्या गाड्या आहेत. अंबरनाथ, बदलापूर, टिटवाळा, आसनगाव इथूनही गाड्या सुटतात. पण त्यांच्या मधल्या स्टेशनांवर गाडी भरलेलीच येते. डोंबिवलीत मी लहानाची मोठी झाले, तिथून सुटणाऱ्या लोकलही आहेत, तरी सकाळी उलट्या गाडीने कल्याणला जाऊन तिथून बसून येणारे लोक मी शाळेपासून बघते आहे. म्हणून एम-इंडिकेटर हे लोकलच्या वेळापत्रकाचं ॲप उघडा आणि आपल्याला हव्या त्या तासात त्याच स्टेशनवरून सुटणाऱ्या फास्ट किती, हे मोजा. आकडा तीनच्या आत असेल तर एक गाडी रद्द झाली की काय होईल, तेही तिथेच लिहून ठेवा.

कल्याणच्या पुढे दोन फाटे फुटतात, एक कर्जत-खोपोलीकडे, दुसरा कसाऱ्याकडे. गाड्याही तिथेच वाटल्या जातात. बदलापूरच्या पुढचं वांगणी किंवा शेलू स्वस्त दिसतं. पण बदलापूर लोकल बदलापूरलाच संपते, पुढे फक्त कर्जत-खोपोलीच्या गाड्या. टिटवाळ्यापुढे खडवली, वासिंदचंही तसंच. तिथे गाडी चुकणं म्हणजे पुढच्या स्लोने जाणं नव्हे. अर्धा तास फलाटावर काढावा लागू शकतो. शिवाय कल्याणपलीकडे अजून लोकल, मेल-एक्स्प्रेस आणि मालगाड्या एकाच जोडीच्या रुळांवरून धावतात, त्यामुळे लांबून उशिरा आलेल्या एक्स्प्रेसचा फटका लोकलला बसतो. वाढीव मार्गिकांचं काम चालू आहे. चालू आहे, एवढंच.

इथे एक विषयांतर. ‘प्रस्तावित’ या शब्दाला एक रुपयाही देऊ नका. ठाणे-दिवा पाचवी-सहावी मार्गिका दहा वर्षांहून जास्त रखडली आणि २०२२ च्या फेब्रुवारीत सुरू झाली. नेरूळ-उरणचा पहिला तुकडा २०१८ मध्ये खारकोपरपर्यंत आला, उरणला गाडी पोचायला २०२४ उजाडलं. अंबरनाथ-बदलापूरमधलं चिखलोली स्टेशन, कल्याणकडे येणारी मेट्रो, पनवेल-कर्जत लोकल हे सगळं होईल. पण तुमची मुलगी दहावीला असताना होईल की तिचं लग्न झाल्यावर, हे सेल्स ऑफिसातला मुलगा सांगू शकत नाही. आज जी गाडी धावते तिच्या हिशोबानेच भाव द्या.

आता प्रत्यक्ष जाऊन बघायचं ते. परतीचं तिकीट काढून आठवड्यात किमान दोन दिवस पूर्ण फेरी मारा, सकाळी जा आणि संध्याकाळी सहानंतर परत या. ही फेरी दोघांनी वेगवेगळी करायची. नवरा जनरल डब्यातून जाऊन आला आणि त्याने होकार दिला, हे चालत नाही. लेडीज डबा वेगळा, तिथली गर्दी वेगळी आणि तिथली भांडणंही वेगळी. ९ जून २०२५ ला मुंब्र्याजवळ वळणावर दारात लटकलेली माणसं पडली आणि जीव गेले. ‘दारात उभं राहून जाऊ की, सगळेच जातात’ हे वाक्य घर घेताना कुणी म्हणालं तर त्याला गप्प करा.

‘स्टेशनपासून ५ मिनिटं’ हे कुठून मोजलंय ते विचारा. १२ डब्यांची गाडी अडीचशे मीटरच्या आसपास लांब असते. लेडीज डबा एका टोकाला, पूल दुसऱ्या टोकाला, त्यात घर पूर्वेला आणि रिक्षास्टँड पश्चिमेला असं निघालं की पाच मिनिटांची पंधरा होतात. चालत जाता येत नसेल तर शेअर रिक्षाची रांग संध्याकाळी सात वाजता आणि पावसात, दोन्ही वेळा पाहा. रात्री अकरानंतर शेअर रिक्षा असते का, की पूर्ण भाडं मोजावं लागतं, हेही. रुळाला अगदी खेटून घर मला नको होतं. भोंगे, धूळ, फेरीवाल्यांची गर्दी, आणि रेल्वेच्या हद्दीपासून ३० मीटरच्या आत इमारत असेल तर रेल्वेचा ना-हरकत दाखला हवा, ती एक कटकट. दहा-बारा मिनिटं चालायचं अंतर, फुटपाथ आणि दिवे असलेला रस्ता, हे मला सगळ्यात बरं वाटतं. फुटपाथ शोधायलाच आमचा एक महिना गेला ते सोडा.

पाणी दोन प्रकारचं, नळाचं आणि पुराचं. नळाच्या पाण्याबद्दल सेल्स ऑफिसात विचारू नका, शेजारच्या जुन्या सोसायटीच्या वॉचमनला विचारा. किती वाजता येतं, किती वेळ येतं, एप्रिल-मेमध्ये आठवड्याला टँकर किती. रीसेल घर असेल तर सोसायटीच्या वार्षिक सभेचा हिशोब मागा. टँकरचा खर्च त्यात छापलेला असतो, तो लपवता येत नाही. एका सोसायटीत मेंटेनन्सपेक्षा टँकरचा आकडा मोठा होता. विजेचंही तिथेच विचारून घ्या: दिवसा किती वेळ जाते, लिफ्टला जनरेटर आहे का.

पुराचं मात्र स्वतः जुलैत जाऊनच बघायचं. २७ जुलै २०१९ ला महालक्ष्मी एक्स्प्रेस बदलापूर आणि वांगणीच्या मध्ये पाण्यात अडकली होती, हजारावर प्रवासी होडीतून काढावे लागले. ती उल्हास नदी तिथेच आहे. बदलापूर पश्चिमेच्या हेंद्रेपाड्यात लोकांच्या घरांत पाणी शिरलेलं आहे. जलसंपदा खातं नदीकाठाला निळी आणि लाल पूररेषा आखतं, निळी २५ वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची, लाल १०० वर्षांतून एकदाची. आपला सर्व्हे नंबर त्या रेषांच्या कुठल्या बाजूला येतो ते पालिकेत विचारा. नकाशा मिळेपर्यंत चहावाल्याला विचारा, ‘२००५ ला कुठवर आलं होतं?’ तो हात करून दाखवतो. त्या हाताच्या उंचीखाली मीटरबॉक्स आणि पाण्याचा पंप असेल तर वरचा मजला घेऊनही सुटका नाही. डोंबिवलीत एमआयडीसीच्या बाजूला बघत असाल तर कारखाने किती अंतरावर आहेत ते मोजा, आणि वास रात्री जाऊन घ्या. २०१६ आणि २०२४, दोन्ही वर्षी मे महिन्यात तिथे मोठे स्फोट झाले आहेत.

कागदांच्या बाबतीत मी मुद्दाम हट्टी झाले. महारेराचा, म्हणजे राज्याच्या गृहप्रकल्प नियामकाचा, नोंदणी नंबर दिसला की लोक निश्चिंत होतात. कल्याण-डोंबिवलीत ६५ इमारतींनी पालिकेच्या खोट्या परवानग्या दाखवून तो नंबर मिळवला आणि नोव्हेंबर २०२४ मध्ये उच्च न्यायालयाने त्या पाडायला सांगितल्या. राहणाऱ्यांचे हप्ते काही थांबत नाहीत. तेव्हा नंबर महारेराच्या संकेतस्थळावर बघाच, पण बांधकाम परवानगीचा क्रमांक घेऊन पालिकेच्या नगररचना विभागातही जा आणि तो खरा आहे का ते विचारा. तयार इमारत असेल तर भोगवटा दाखला, म्हणजे ओसी. ‘ओसी येतेय’ असं ऐकलं की मी वही मिटते. वकील आपला लावायचा, बिल्डरने सुचवलेला नाही, आणि त्याच्याकडून ३० वर्षांचा टायटल सर्च, म्हणजे मालकीच्या कागदांचा शोध, करून घ्यायचा. रीसेलमध्ये इंडेक्स टू (खरेदीच्या नोंदणीचा उतारा), सोसायटीचं शेअर सर्टिफिकेट, आणि जमीन सोसायटीच्या नावावर झाली आहे का, तेवढं तरी. मोठी सरकारी बँक त्या इमारतीला कर्ज द्यायला कां-कूं करत असेल तर कारण शोधा, दुसरी बँक शोधू नका.

पैशांचं थोडक्यात. मुद्रांक शुल्क जागेनुसार साधारण ६ ते ७ टक्के, घर फक्त बाईच्या नावावर असेल तर १ टक्का सवलत. नोंदणी १ टक्का, पण ३० हजारांच्या वर नाही. बांधकाम चालू असलेल्या घरावर ५ टक्के जीएसटी. ४५ लाखांपर्यंतचं, ६० चौरस मीटर कार्पेटच्या (भिंतींच्या आतल्या वापराच्या क्षेत्राच्या) आतलं असेल तर १ टक्का. ओसी मिळालेल्या घरावर नाही. भाव कार्पेटवरच विचारा. नोंदणीकृत करारनाम्याआधी १० टक्क्यांपेक्षा जास्त रक्कम घेता येत नाही, हा कायदा आहे. आमच्याकडे एकाने ‘आज ऑफर आहे’ म्हणून २० मागितले होते. आम्ही उठलो, तर जिन्यापर्यंत मागे आला.

शाळेचं मी सविस्तर लिहीत नाही, प्रत्येकाचं वेगळं असतं. फक्त एवढंच: दोघंही गाडीत अडकलेले असताना मुलीला शाळेतून कोण आणेल, त्या माणसाचं नाव वहीत लिहा. नाव सुचत नसेल तर आजी-आजोबांच्या किंवा मावशीच्या जवळचं स्टेशन बघा, चार पैसे जास्त पडले तरी.

आणि शेवटच्या फेरीला घरातल्या सगळ्यात थोरल्या माणसाला न्या, स्टेशनवरून चालतच. दोन घरं शिल्लक राहिली तेव्हा आम्ही सासूबाईंना नेलं, एक कल्याण पूर्वेला, एक डोंबिवली पश्चिमेला. कल्याणचं घर मोठं होतं, पुढे छान गॅलरी. पण पुलावर त्या दोनदा थांबल्या आणि सरकता जिना त्या दिवशी बंद होता. वर पोचल्यावर गॅलरीकडे न बघता त्यांनी विचारलं, ‘परत जाताना पण हाच पूल का गं?’ मी खोल्या मोजायची टेप पिशवीत टाकली. डोंबिवलीच्या घरात एक खोली कमी आहे, तिथे मुलीचा पलंग हॉलमध्ये येतो.