दोन फुटी टाकीत लाटेखालची खळबळ कशी पाहाल

लाटेखाली तळाशी पाणी नदीसारखं एकाच दिशेनं वाहत नाही. पुढे जातं, थांबतं, मागे फिरतं. तळ खडबडीत असेल तर खरी गंमत ह्या फिरण्याच्या क्षणी होते, आणि ती बघायला समुद्रात बुडी मारावी लागत नाही. मी अलिबागला अकरावी-बारावीला फिजिक्स शिकवते. आमच्या पडवीत मासे नसलेली एक काचेची टाकी कायमची ठाण मांडून बसली आहे. (सासूबाईंच्या मते ती रिकामटेकडी.)

टाकी साधारण 60 सेंटिमीटर लांब हवी. तीत 10 सेंटिमीटर पाणी भरा. टाकीमागे आलेख कागद चिकटवा, बाजूनं टॉर्च मारा आणि मोबाइल स्लो मोशनवर ठेवा. लिटरची बाटली अर्धी भरून बूच घट्ट लावा, टाकीच्या एका टोकाला पाण्यावर आडवी ठेवा आणि तळहातानं खाली-वर दाबा. टाकी मात्र हलवायची नाही. आत 15-20 लिटर पाणी असतं, काचेचा सांधा सुटला तर पडवी धुऊन निघेल.

दाबायची लय तुमची नाही, पाण्याची. एवढ्या टाकीत पाणी एका टोकाकडून दुसरीकडे जाऊन परत यायला सुमारे सव्वा सेकंद घेतं. झोपाळ्याला योग्य वेळी दिलेल्या धक्क्यासारखं, ती लय सापडली की बोटभर जोरही पुरतो. टोकांना पाणी दोनेक सेंटिमीटर वर-खाली होऊ लागलं की थांबा, जास्त नको. टाकीच्या मधोमध पाणी जवळजवळ फक्त आडवं सरकतं, तळाशी दोन्ही बाजूंना साडेतीन सेंटिमीटरच्या आसपास. बघायचं ते तिथेच.

आधी नुसती काच. चिमट्यानं पोटॅशियम परमँगनेटचा एक खडा मधोमध सोडा (हाताला लावू नका, बोटं तपकिरी होतात). खडा पडताना मागे जांभळा धागा सोडतो. धाग्याचा वरचा भाग सगळाच्या सगळा डुलतो, पण काचेला लागून असलेला रंग जेमतेम हलतो. तळाच्या घर्षणाचा परिणाम ह्या लयीला जेमतेम 0.6 मिलिमीटर जाडीच्या थरातच जाणवतो. शांत, गुळगुळीत थर. आता स्लो मोशन नीट बघा: दिशा बदलताना काचेलगतचा रंग आधी वळतो, वरचं पाणी नंतर. हिशेबानं हा फरक एका आवर्तनाच्या (पाण्याच्या एका पूर्ण ये-जा) एक अष्टमांशाइतका, म्हणजे इथे जेमतेम 0.15 सेकंद. तळाचं पाणी घर्षणानं आधीच मंदावलेलं असतं, आणि त्याला परत ढकलणारा दाब मात्र वरच्याइतकाच. म्हणून ते लवकर माघारी फिरतं. मुलांना हे पटत नाही, त्यांना वाटतं तळाचं पाणी मागेच राहणार. व्हिडिओ दाखवा.

मग तळाला 120 नंबरचा वॉटर पेपर (पाण्यात चालणारा पॉलिश पेपर) अंथरून कोपऱ्यांवर वजनं ठेवा. रंग जवळपास तसाच शांत! कागदाचे कण 0.1 मिलिमीटरच्या आसपास, म्हणजे त्या पातळ थरातच बुडालेले. हाताला खरखरीत लागलं म्हणून पाण्याला खरखरीत लागेलच असं नाही.

आता कागद काढा आणि 5-6 मिलिमीटरची खडी धुऊन एका थरात पसरा. दोन खड्यांच्या फटीत परमँगनेट टाका आणि एकाच खड्यावर डोळा ठेवा. पाणी उजवीकडे जाताना त्या खड्याच्या आडोशाला एक भोवरा वळू लागतो, जांभळी गुंडाळी हळूहळू फुगत जाते. पाणी थांबतं. उलटं फिरताच ती गुंडाळी खड्याच्या माथ्यावरून परत फेकली जाते आणि वर उडून फाटते. शेजारच्या खड्यांच्या गुंडाळ्या तिच्यात मिसळतात, आणि पाचसहा आवर्तनांत खडीच्या वर रंगाचा धुरकट पट्टा तयार होतो. वेग तोच, लय तीच. गुळगुळीत काचेवर इतक्या वेगाला खळबळ उठतच नाही, इथे ती निव्वळ खडीमुळे.

शेवटी खडी काढून बारीक, धुतलेली वाळू दोन सेंटिमीटर पसरा. रंग नको. थोडा वेळ लय धरलीत की मधल्या भागात सारख्या अंतरावर वरंबे उभे राहतात. ओहोटीला कुलाबा किल्ल्याकडे चालताना अशाच वळ्या तळव्यांना टोचतात. ब्रिटिश शास्त्रज्ञ हर्था एर्टन ह्यांनी वाळूच्या ह्या वळ्यांचा अभ्यास करून 1904 मध्ये रॉयल सोसायटीत, म्हणजे लंडनच्या शास्त्रज्ञांच्या संस्थेत, निबंध वाचला. तिथे स्वतःचा निबंध स्वतः वाचणाऱ्या त्या पहिल्या बाई. पुढे 1946 मध्ये, वाळवंटातल्या वाळूवर काम केलेल्या राल्फ बॅगनॉल्डनी टाकीत पाण्याऐवजी तळच मागेपुढे हलवून वळ्या घडवल्या. दोन वळ्यांतलं अंतर, पाणी तळाशी या टोकापासून त्या टोकापर्यंत एकूण जेवढं सरकतं (इथे सातेक सेंटिमीटर) त्याच्या साधारण दोन तृतीयांश भरतं. आलेख कागदावर मोजा, चारपाच सेंटिमीटरच्या आसपास यावं. फारच वेगळं आलं तर आधी वाळू चाळली होती का ते बघा, मग लय.

काचेवर तपकिरी डाग राहिले तर व्हिटॅमिन सीची गोळी चुरून पाण्यात विरघळवा आणि त्यानं पुसा. ह्या टाकीत नंतर मासे सोडणार असाल तर आधी ती तीनचार पाण्यांनी खळखळून धुवा.