एकच लेक्चर चार वेळा

ऑनलाइन तासांच्या लिंका, नोट्स, पीडीएफ एकाच जागी ठेवता याव्यात म्हणून मुलांसाठी वेब अ‍ॅप बनवलं. आठवडाभरात यादी फुगली. उघडून बघतो तर एकच लेक्चर चार वेळा! डेटाबेसमध्ये लिंकच्या कॉलमला युनिक, म्हणजे तीच लिंक दुसऱ्यांदा न घेण्याची अट, लावलेलं होतं, तरी हे कसं, म्हणून चारही लिंका एकाखाली एक मांडल्या. पहिली यूट्यूबची लांब, दुसरी शेअर बटणातून आलेली छोटी, तिसरीच्या शेपटीला ९० सेकंदांची वेळ (व्हिडिओ तिथून सुरू व्हावा म्हणून), चौथीला यूटीएमचं, म्हणजे लिंक कुठून उघडली ते कळवणाऱ्या खुणांचं, लटांबर. व्हिडिओ एकच, पण डेटाबेस फक्त अक्षरं बघतो.

मग सेव्ह करण्याआधी लिंक साफ करणारं फंक्शन लिहिलं. यूट्यूब असेल तर ११ अक्षरांचा व्हिडिओ आयडी तेवढा घ्यायचा, बाकी लिंकांमधून यूटीएम गाळायचं. प्रश्नचिन्हापुढचं सरसकट कापू नका. मी आधी तेच केलं आणि लांब लिंकेतला आयडीच उडाला. युनिक आता साफ लिंकेवर आहे. मूळ लिंका वेगळ्या टेबलात जपल्यात, कारण त्या ९० सेकंदांच्या खुणेने कुणीतरी नेमकी शंका सुटते ती जागा दाखवलेली असते. जुन्या नोंदी एकत्र करताना मुलांचा एकही शेरा पुसू दिला नाही.